वस्तू पाहून पेटी



एका विज्ञानशिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ भाषेच्या अध्यापकाने बोलावे, हे थोडे धारिष्ट्याचेच. परंतु आजचा विषय घरी केलेल्या उपकरणांच्या पेटीचा आहे, आणि पेट्यांशी भाषेचे नाते जुने आहे. कुंकवाला करंडा, लोणच्याला बरणी, धान्याला कणगी. आत काय आहे हे पाहून आपल्या भाषेने पात्राला नाव दिले. बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकते, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. हाच विवेक येथे हवा.

महूच्या छावणीत सैन्याच्या संदेशवहनाचे शिक्षण देणारी संस्था आहे. १९६७ साली तिला मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग हे नाव मिळाले. तेव्हा रेडिओलहरींची ओळख या गावाला करून द्यायला नको. तरीही हौशी मुलगा फेराइटच्या दांडीवर तार गुंडाळून छोटा रेडिओ करतो, तो उघड्यावर छान वाजतो, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावताच मुका होतो. मुलगा बिचारा जोडण्या तपासत बसतो. दोष मात्र डब्याचा असतो. चहूबाजूंनी बंद असलेला धातू लहरींना आत येऊ देत नाही. अशा रेडिओला लाकडाची पेटी किंवा प्लॅस्टिकची साबणदाणीच बरी. आजच्या वाय-फायच्या यंत्रांनाही हाच न्याय लागू आहे.

पण म्हणून पत्रा वाईट नव्हे. मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या ध्वनिवर्धकात विजेच्या तारांची घरघर शिरते; तेथे मंडलाच्या सामायिक बिंदूला जोडलेली धातूची पेटीच ती अडवते. तापणाऱ्या भागांची उष्णता ॲल्युमिनियम बाहेर नेते, बंद प्लॅस्टिक ती कोंडून ठेवते. साधे प्लायवूड माळव्याच्या पावसाळ्यात फुगते. ॲक्रिलिक प्रदर्शनात देखणे दिसते, मात्र घाईने भोक पाडले की तडकते; खाली लाकडाचा तुकडा धरून गिरमिट सावकाश चालवावे.

हे सारे निभावून नेता येते. २३० व्होल्टचा प्रश्न मात्र निराळा. आतल्या तारेचे आवरण झिजून ती पत्र्याला टेकली, तर पेटीच विजेची होते आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून धातूच्या पेटीला अर्थिंगची तिसरी तार हवीच, आणि तार जेथून आत जाते त्या भोकाला रबरी कडे हवे. शाळकरी मुलांनी तर बॅटरीवरच भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रदर्शनाच्या परीक्षकांना एक विनंती. पेटीच्या रंगरंगोटीला गुण देण्यापूर्वी उपकरणाची पिन काढायला लावा, झाकण उघडायला सांगा, आणि ही पेटी का निवडली, एवढे त्या मुलाला विचारा.