टपाल कोणाच्या भरवशावर?

(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



पोस्टावर बोलायला निघालो तेव्हा नातवाने विचारले, "आजोबा, पोस्ट अजून चालू आहे?" त्याची काही चूक नाही. आपल्या कार्यकारिणीपुढेही तसाच एक ठराव आहे. मंडळाचे पत्रक टपालाने पाठवणे बंद करावे आणि फक्त मोबाइलवर टाकावे, असा. मी त्याच्या विरोधात आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तो ठराव हे निमित्त आहे. काळजीची गोष्ट दिल्लीत होऊन गेली आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी ती वाचली.

आधी आपल्या गावाचे सांगतो. आम्हा इंदूरकरांच्या तोंडी टपालापेक्षा 'डाक' जास्त, पोस्टमनपेक्षा 'डाकिया' जास्त. होळकर सरकारने १८८६ साली तुकोजीराव महाराजांचे चित्र असलेली स्वतःची तिकिटे काढली, हे इथल्या तिकीट जमवणाऱ्यांना माहीत असेल. मोठी अभिमानाची गोष्ट. पण ती तिकिटे संस्थानापुरतीच चालत. पुण्याला किंवा रत्नागिरीला पत्र घालायचे तर इंग्रज सरकारचे तिकीट लागे. १९५० साली संस्थानांची टपालखाती भारतीय टपालात आली, आणि मग राजवाड्याजवळच्या पेटीत टाकलेले कार्ड त्याच किमतीत कोकणातल्या वाडीवर जाऊ लागले. अंतर किती, वाडीत घरे किती, हे कोणी विचारले नाही. आपल्यासारख्या मुलूख सोडून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिलेल्या लोकांना याचे मोल इतरांपेक्षा जास्त असायला हवे.

जाता जाता एक गंमत. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी व नाटककार. त्यांच्या पद्धतीत मुंबईचा पिन ४०० पासून सुरू होतो आणि इंदूरचा ४५२ पासून. बडोदेकर ३ मध्ये गेले, बेळगावकर ५ मध्ये. राज्य पुनर्रचनेने आम्हाला मध्य प्रदेशात ठेवले, पण टपालखात्याच्या चारच्या आकड्यात आम्ही आणि महाराष्ट्र अजून एकत्र आहोत.

आता मुद्द्यावर येतो. १८९८ सालचा पोस्टाचा कायदा सव्वाशे वर्षे चालला. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, आणि १८ जून २०२४ पासून तो लागू झाला. जुन्या कायद्यात पत्रे नेण्याचा एकाधिकार सरकारचा होता. तो नव्यात नाही. फक्त टपाल तिकिटे काढण्याचा अधिकार तेवढा पोस्टाकडे राहिला. एकाधिकार गेल्याचे मला दुःख नाही, कुरिअर काय आजचे आहे? मला खुपते ते दुसरेच. पूर्वी साध्या पत्राचे आणि कार्डाचे दर कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात असत. ते बदलायचे तर अर्थसंकल्पाबरोबर संसदेपुढे यावे लागे. कार्डाचे पैसे वाढवताना मंत्र्याला दहा वेळा विचार करावा लागायचा. आता कोणती सेवा द्यायची हे सरकार नियमाने ठरवते, आणि दर ठरतात महासंचालकांच्या कार्यालयात. असे नियम पुढे संसदेच्या पटलावर ठेवले जातात, हे मान्य. पण पटलावर ठेवणे वेगळे आणि खासदाराने उभे राहून जाब विचारणे वेगळे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, प्रत्येक घरी पत्र पोचलेच पाहिजे असा हक्क नागरिकाला जुन्या कायद्यानेही दिला नव्हता. पण एकाधिकार घेतला की जबाबदारी गळ्यात पडते, असा सगळ्यांचा समज होता आणि खातेही तसेच वागले. आता तो समजही राहिला नाही.

याचा परिणाम काय होतो, ते पुस्तकांच्या बाबतीत दिसले. छापील पुस्तके स्वस्तात पाठवण्याची जुनी सवलत १८ डिसेंबर २०२४ पासून बंद झाली. संसदेत चर्चा नाही, आधी दवंडी नाही. आपल्या वाचनालयाची पुस्तके पुण्याहून याच सवलतीत येत. त्या हिवाळ्यात एका प्रकाशकाने कळवले, पुस्तके तयार आहेत, पण टपालखर्च पुस्तकांच्या किमतीशी स्पर्धा करतोय, काय करू? देशभरच्या प्रकाशकांनी आणि वाचकांनी ओरड केली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' नावाची सोय आली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. म्हणजे बोलले की ऐकू जाते. पण ही सोयही ज्या कार्यालयातून आली, त्याच कार्यालयातून एका परिपत्रकाने परत जाऊ शकते.

डेन्मार्कचे उदाहरण देतो, कारण तिथे पायऱ्या स्पष्ट दिसतात. तिथे सरकारी टपाल १६२४ पासून होते. जानेवारी २०२४ पासून नवा कायदा आला आणि घरोघर पत्र पोचवण्याचे बंधन काढून टाकले. पुढच्याच वर्षी, ३० डिसेंबर २०२५ रोजी, तिथल्या टपाल कंपनीने शेवटची पत्रे वाटली आणि लाल पेट्या उचलल्या. आता पत्र घालायचे तर खाजगी कंपनीच्या ठिकाणी नेऊन द्या, नाहीतर घरून न्यायला जादा पैसे मोजा. तिथे सरकारी कागदही फोनवर येतात. आपल्याकडे पेन्शनचा कागद चुलीशेजारच्या फडताळात असतो. आधी कायद्यातले बंधन गेले आणि मग पेटी गेली, हा क्रम मात्र ध्यानात ठेवा.

तार जुलै २०१३ मध्ये गेली, जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ साली गेली. आमचे आजोबा दर महिन्याला कोकणात मनीऑर्डर करत. कुपनावरच्या चार ओळी हेच त्यांचे पत्र. तरी मी तिच्यासाठी गळा काढणार नाही. पैसे पाठवायला आज चांगले मार्ग आहेत. रजिस्ट्रीची गोष्ट वेगळी. १ सप्टेंबर २०२५ पासून ती स्पीड पोस्टात विलीन झाली. तेव्हा लाल पेट्याही जाणार अशी आवई उठली होती, ती खोटी होती. रजिस्ट्री नावाने उरली आहे, स्पीड पोस्टावर जादा फी भरून मिळते. पूर्वी तिकिटावर १७ रुपये फी भरली की काम होई. ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकात ५० ग्रॅमच्या बाहेरगावच्या स्पीड पोस्टाला ४७ रुपये, वर रजिस्ट्रीचे ५ आणि जीएसटी. लवकर पोचते, हे खरे. पण ज्याला घाई नाही, नुसता पुरावा हवा आहे, त्याने घाईचे पैसे का भरावेत?

पुरावा म्हणजे काय, ते आमच्या घराने अनुभवले आहे. वडिलांनी गावच्या घराच्या हिश्शाबद्दल चुलत्यांना रजिस्टर पत्र घातले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी कज्जा उभा राहिला. "आम्हाला काही कळवलेच नव्हते," असे समोरून आले, आणि आईने देव्हाऱ्याखालच्या डब्यातून पोचपावती काढून दिली. त्या सहीपुढे वकिलांना फार बोलावे लागले नाही. इथे बसलेल्या किती घरांचे सातबाराचे उतारे अजून कोकणात, देशावर, खानदेशात आहेत, ते तुम्हीच आठवा.

पोस्टाचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. आमच्याच भागात एका टपालघराने दिवाळी अंकांचा गठ्ठा चौकीदाराकडे टाकला आणि त्याने तो रद्दीत घातला. तक्रारीचे उत्तर आले तेव्हा संक्रांत उलटून गेली होती. आणि कोणी म्हणेल, कुरिअर आहे ना! आहे. पण माझ्या चुलतभावाच्या वाडीसाठी ते तालुक्याला पाकीट ठेवते आणि त्यालाच फोन करते, "येऊन घेऊन जा." डोंगर चढून जातो तो गावचा डाकसेवकच.

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात दीड लाख ग्रामीण टपालघरे आणि २.४ लाख डाकसेवकांच्या बळावर पोस्टाला मालवाहतुकीची मोठी सरकारी संस्था करू, असे सांगितले गेले. करावे, जरूर करावे. त्याच माणसांच्या जिवावर पार्सले जाणार असतील, तर साधे पत्रही त्याच थैलीतून जाईल हे कायद्यात लिहायला अडचण कसली? खासदारांकडे माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक पिनकोडात, प्रत्येक घरी, एकाच दराने साधे पत्र पोचवण्याचे बंधन कायद्यात घाला, आणि कार्ड, पत्र, पुस्तक यांचे दर संसदेच्या मंजुरीशिवाय बदलू नका. पक्ष कोणताही असो.

पत्रकाचा ठराव मतास येईल तेव्हा, ज्यांच्याकडे साधा फोन आहे आणि जे आज जिना चढून इथे येऊ शकले नाहीत, त्यांची आठवण ठेवा. त्यांच्या दारात महिन्यातून एकदा डाकिया येतो, तो आपले पत्रक घेऊनच.

बाहेर टेबलावर पोस्टकार्डे ठेवली आहेत. खासदारांचा पत्ता फळ्यावर लिहिला आहे, पिनकोडासकट. चहा घेतल्यावर प्रत्येकाने एकेक लिहा. चष्मा घरी राहिला असेल त्यांच्यासाठी लिहायला मी तिथे बसलो आहे. फक्त सही तुमची तुम्ही करा.