'फॉर'पासून 'अन्टिल'पर्यंत

एखादी गोष्ट किती काळ चालली किंवा चालेल, हे सांगण्याची इंग्रजीची रीत मराठीहून काहीशी निराळी आहे. मराठीत 'दहा वर्षे' एवढे म्हटले की काळाची लांबी कळते. इंग्रजी तेथे बहुधा 'फॉर' हा शब्द योजते. आरंभ दाखवावयाचा असेल तर 'फ्रॉम' किंवा 'सिन्स', शेवट दाखवावयाचा असेल तर 'अन्टिल'. शाळेत हे शब्द गाळलेल्या जागा भरण्यापुरते शिकविले जातात. दिल्लीत मात्र अशाच शब्दांवर एका देशाच्या राजभाषेचे भवितव्य अवलंबून राहिले.

संविधान सभेने १४ सप्टेंबर १९४९ रोजी राजभाषेविषयीचा निर्णय घेतला. अनुच्छेद ३४३ अन्वये देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरली. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात इंग्रजीला मुदत मिळाली. त्या एका वाक्यात कालवाचक रचनांची दाटी आहे. 'फॉर'ने पंधरा वर्षांची लांबी दिली; 'फ्रॉम'ने संविधानाचा प्रारंभ, म्हणजे २६ जानेवारी १९५०, हा आरंभबिंदू दिला; 'वॉज बीइंग यूज्ड' या अपूर्ण भूतकाळाने आधीपासून सुरू असलेला वापर दाखविला; आणि 'शॅल कन्टिन्यू'ने तो पुढे चालविणे बंधनकारक केले. पंधरा वर्षांनंतर काय, हे 'फॉर' सांगत नाही. ते तिसऱ्या खंडाने संसदेवर सोपविले.

संसदेने १९६३ मध्ये राजभाषा अधिनियम केला. मुदत संपली तरी इंग्रजी हिंदीच्या जोडीने चालू राहू शकेल, असे त्यात म्हटले. येथे 'शॅल'च्या जागी 'मे' आला. चालू राहू शकेल, म्हणजे न राहूही शकेल. अहिंदी भाषकांची ही शंका अगदीच अनाठायी नव्हती. नेहरूंनी १९५९ मध्ये लोकसभेत आश्वासन दिले होते खरे. परंतु आश्वासन देणारी व्यक्ती १९६४ मध्ये गेली आणि कायद्यात उरला तो 'मे'. जानेवारी १९६५ मध्ये मुदत संपताच मद्रास राज्यात आंदोलन भडकले. तरुणांनी आत्मदहन केले, गोळीबारात माणसे मेली. सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन या केंद्रातील मंत्र्यांनी राजीनामे दिले.

डिसेंबर १९६७ मध्ये संसदेने अधिनियमात दुरुस्ती केली. मूळचा 'मे' काढला नाही. पण ठराव, अधिसूचना, करार इत्यादींसाठी दोन्ही भाषा 'शॅल'ने अनिवार्य केल्या, आणि मुख्य म्हणजे 'अन्टिल' आणला. हिंदीला राजभाषा म्हणून न स्वीकारलेल्या सर्व राज्यांची विधानमंडळे इंग्रजी बंद करण्याचे ठराव संमत करतील आणि त्यानंतर संसदेचे प्रत्येक सभागृहही तसा ठराव करील, तोवर या तरतुदी अमलात राहतील. मोजलेल्या वर्षांची जागा अशा रीतीने एका घटनेने घेतली. तारीख आपोआप उजाडते. घटना मात्र कोणीतरी घडवून आणावी लागते.

मराठीत हाच आशय मांडताना बहुधा नकार येतो : 'जोपर्यंत ठराव संमत होत नाहीत, तोपर्यंत'. इंग्रजी 'अन्टिल'ला असा नकार लागत नाही. ते शेवटाकडे बोट दाखविते, तर मराठी रचना तो शेवट अद्याप आलेला नाही यावर भर देते. या तरतुदीचा व्यवहारातील अर्थ मराठी वाक्यात अधिक स्पष्ट दिसतो, असे म्हणावयास हरकत नाही. १९६४ च्या कायद्याने महाराष्ट्राची राजभाषा मराठी ठरली असल्याने, ज्यांच्या ठरावांवाचून ती अट पुरी होत नाही अशा विधानमंडळांत महाराष्ट्राचेही विधानमंडळ आहे.