खिडकीचा उजेड आणि माणसाचा चेहरा

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासाठी भरविलेल्या छायाचित्रण शिबिरात एका निवृत्त चित्रकला शिक्षकाने केलेले भाषण)



छायाचित्रण ही श्रीमंतांची हौस होय, असा आपल्याकडे दीर्घकाळ समज होता. आज कॅमेरा असलेला मोबाईल बहुतेकांच्या खिशात आहे. शाळेचा अहवाल, बांधकामाची प्रगती, लाभार्थ्याचा अर्ज यांपैकी काहीही छायाचित्रावाचून पुढे सरकत नाही. आपण सारेच रोज छायाचित्रे घेतो. ती कशी घ्यावीत हे मात्र आपल्याला सहसा कोणी शिकविलेले नसते.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतील एका वृद्ध विधवेच्या अनुदानाच्या अर्जासाठी मी तिचे छायाचित्र काढून दिले. वेळ भर दुपारची होती. मी तिला अंगणात उभे केले, कळ दाबली आणि कामाला लागलो. अर्ज मंजूर झाला. दोन वर्षांनी ती वारली, तेव्हा घरात तिचे दुसरे एकही छायाचित्र सापडले नाही. तेच चित्र मोठे करून भिंतीवर लावण्यात आले. कपाळ पांढरेफटक, डोळे किलकिले, त्यांखाली काळ्या सावल्या. तिच्या धाकट्या नातवाने मला विचारले, "गुरुजी, आजी फार रागीट होती का हो?" ती मुळीच रागीट नव्हती. डोक्यावरच्या उन्हाने तिचा चेहरा तसा दिसत होता. आणि तिच्या घराची सावलीची ओसरी तेथून अवघ्या पाच पावलांवर होती.

ओसरी हीच चित्रशाळा

चांगल्या व्यक्तिचित्राला महागडे दिवे लागतात, हा भ्रम आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या थोर छायाचित्रकर्तीचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला. १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्यांना मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी काचेचे खुराडे रिकामे करून त्याचीच चित्रशाळा केली. त्यांच्यापुढे बसणाऱ्याला बराच वेळ निश्चल राहावे लागे. तरीही केवळ दिवसाच्या उजेडात त्यांनी घेतलेली व्यक्तिचित्रे आजही अभ्यासिली जातात. आपल्या मुंबईतही १८५४ सालीच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. त्या पिढीचा मुख्य आधार सूर्यप्रकाश हाच होता.

सूर्य आकाशात लहान दिसतो, म्हणून त्याचे थेट ऊन कठोर सावल्या पाडते. तोच प्रकाश ढगांतून गाळून आला किंवा मोकळ्या आकाशाकडून खिडकीत शिरला, की तो रुंद पृष्ठभागावरून येतो आणि सावलीच्या कडा मऊ होतात. वर्षाचा बहुतेक काळ मध्यान्हीचा सूर्य आपल्या दक्षिणेस असतो. म्हणून उत्तरेकडील खिडकीचा उजेड सौम्य व स्थिर असतो आणि चित्रकार तो पसंत करतात.

व्यक्तीला खिडकीपासून हातभर किंवा दोन हात अंतरावर, खिडकीशी काहीसे तिरपे बसवावे. आपण खिडकीला पाठ करून तिचा उजेड अडवू नये. खोलीतील विजेचे दिवे बंद करावेत, अन्यथा चेहऱ्यावर दोन रंगांचे प्रकाश मिसळतात. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळवंडत असेल, तर त्या बाजूस पांढरे धोतर किंवा पुठ्ठा धरावा. डोळ्यांत खिडकीचे लहानसे प्रतिबिंब चमकले, की चेहरा जिवंत दिसू लागतो. झाडाखाली मात्र जपावे. पानांतून पडणारे कवडसे चेहऱ्यावर डाग पाडतात. मोबाईल चेहऱ्याच्या अगदी जवळ नेल्यास नाक मोठे दिसते. चार-पाच फूट मागे सरकावे आणि नंतर चित्र कडांनी छाटावे.

आणखी एक गोष्ट उपकरणांपेक्षा महत्त्वाची आहे. छायाचित्र घेण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी, दोन शब्द बोलावेत, आणि घेतलेले चित्र तिला दाखवावे. अर्ज घेऊन आलेला मनुष्य आधीच अवघडलेला असतो.

तांब्या, कांदा आणि जाते

नवशिक्याने आरंभ माणसापासून करू नये. माणूस कंटाळतो, वस्तू कंटाळत नाही. पितळेचा तांब्या, दोन कांदे व ज्वारीचे कणीस खिडकीशी मांडावे आणि सकाळपासून सायंकाळपर्यंत दर तासाला, वस्तू न हलविता, एकेक चित्र घ्यावे. सावली कशी फिरते, लांबते, फिकटते ते आपोआप उमगेल. पांढऱ्या कागदावर ठेवलेले एक अंडेही उत्तम गुरू आहे. पुढून उजेड आला की ते चपटे भासते. बाजूने आला की त्याला गोलाई येते. जात्याचे टाके तिरप्या उजेडातच उठून दिसतात. तांब्यात मात्र समोरचे सारे प्रतिबिंबित होते; त्यात आपण स्वतः व आपला रंगीत सदरा दिसत नाही ना, हे पाहावे. शाळेत हा पाठ एका दिवसात व बिनखर्चात घेता येईल.

या अभ्यासाचा उपयोग गावाच्या वारशासाठीही आहे. आपल्या अनेक गावांत देवळासमोर वीरगळ आणि कोरीव शिळा उभ्या आहेत. झिजलेली अक्षरे दिसावीत म्हणून कित्येक जण त्यांवर खडू, चुना किंवा तेल चोळतात. त्याने दगडाची हानी होते. त्याऐवजी सकाळी अथवा सायंकाळी ऊन शिळेवर आडवे घासून जाते, ती वेळ साधावी. दुपारी न दिसणारी रेघ त्या वेळी स्वतःच्या सावलीने स्पष्ट होते. शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि स्थळ व दिनांक नोंदवावा. शिळेला हातही न लावता तिची नोंद गावाच्या दप्तरी राहील.

मित्रहो, माझी विनंती लहानशी आहे. यापुढे कोणा वृद्धाचे छायाचित्र अर्जासाठी घ्यावयाचे असेल, तेव्हा नियमानुसार एक चित्र घ्यावेच. पण त्याला ओसरीवर बसवून, दोन मिनिटे गप्पा मारून, आणखी एक घ्यावे आणि ते त्याच्या घरी द्यावे. कदाचित त्या घरात तेवढेच एक राहील. त्या नातवाला दाखवायला माझ्यापाशी दुसरे चित्र नव्हते. आपल्यापैकी कोणावर ती वेळ येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.