आयते ताट

‘रेस्टॉरंट’ हा शब्द मूळचा फ्रेंच. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये थकल्या जिवाला तरतरी देणाऱ्या मांसरसाला हे नाव होते. पुढे तो मिळे त्या जागेलाच ते चिकटले. आमच्या कुडाळात हे काम खानावळ करते.

मुलगी बारावी पास झाली, तेव्हा आम्ही कोंबडीवडे खायला निघालो. आई म्हणाली, “घरात चूल आसताना पैशे कित्याक?” शेवटी आली. ताट पुढे आले, तरी हात आवरून बसली. सगळ्यांना वाढल्याशिवाय जेवायची सवयच नव्हती ना! सत्तरीत प्रथमच तिच्या वाट्याला तव्यावरून नव्हे, कढईतून थेट आलेला ऊन वडा आला.

सणाचे जेवण घरीच शोभते, हे खरे. पण राबणारीला वर्षातून एकदा तरी आयते ताट मिळावे. सण तिचाही असतो.