उलट शब्द आणि चित्रांचे पत्ते

चार वर्षांच्या मुलासमोर एका हातानें हत्तीचा पत्ता धरला, दुसऱ्या हातानें उंदराचा धरला आणि विचारलें, “यांत मोठा कोणता?” तर तें पुष्कळदां गोंधळून गप्प बसतें. घरांतलीं वडील माणसें मग एकमेकांकडे पाहतात. मुलाचें मात्र कांहीं चुकलेलें नसतें. पत्त्यावर हत्ती चार बोटें आणि उंदीरही चारच बोटें काढलेला असतो. ज्यानें हत्ती कधीं पाहिलाच नाहीं, त्यानें आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा कीं प्रश्नावर?

चित्रांवरून शब्द शिकविण्याची युक्ति जुनी आहे. कोमेनियस याचें सचित्र पुस्तक १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें छापलें गेलें. परंतु मोठा, जड, ओला हे वस्तूंचे गुण आहेत आणि गुण वेगळा काढून दाखविल्यावांचून मुलाला दिसत नाहीं. यासाठीं एकाच रंगाचे, एकाच घडणीचे दोन चेंडू घ्यावे. भेद फक्त आकारांत असावा. “हा मोठा, हा लहान,” एवढेंच सांगावें. मग “मोठा दे पाहूं,” असें म्हणावें. तें साधल्यावरच “हा कसा आहे?” हा प्रश्न. फ्रेंच वैद्य सेगँ याचा हा तीन पायऱ्यांचा पाठ माँटेसरीबाईंनीं आपल्या बालगृहांत रूढ केला. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम मांडलें, तेव्हां गांवांत सहज मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधनें उभीं केलीं.

पत्त्यांची पाळी यानंतर. तेही सर्व जोड्यांना चालत नाहींत. जड आणि हलकें, ऊन आणि थंड हीं कागदावर उतरत नाहींत. मीठ आणि साखर तर पत्त्यावर सारखींच दिसतात. उघडें दार व मिटलेलें दार, भरलेला तांब्या व रिकामा तांब्या हीं मात्र उत्तम. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर तीं घरींच काढावीं. (हल्लींच्या पत्रिका इतक्या जाड निघतात कीं, त्यांचा याहून चांगला उपयोग सांपडणें कठीण.)

खरी अडचण पुढेंच आहे. ‘कच्चा’ याच्या उलट ‘पक्का’, असें पाठ म्हणविण्याची चाल आहे. पण कच्च्या आंब्याच्या उलट पिकलेला, कच्च्या भाताच्या उलट शिजलेला. पक्का होतो तो रस्ता. वही जुनी असते व नवी असते. आजोबा म्हातारे असले, तरी त्यांच्या उलट कोणी ‘नवे आजोबा’ म्हणत नाहीं. एखादी मुलगी कच्च्या भाताच्या उलट ‘शिजलेला’ म्हणते आणि पुस्तकांत ‘पक्का’ असल्यामुळें तिच्या उत्तरावर फुली पडते. स्वयंपाकघरांत पाहिलेलें शाळेंत सांगावयाचें नसतें, एवढेंच ती त्या फुलीवरून शिकते. असें दोनचार वेळां झालें म्हणजे मूल वस्तूकडे पाहण्याचें सोडून शिक्षकाच्या तोंडाकडे पाहूं लागतें. ही संवय एकदां जडली कीं, मोडण्यास वर्षें लागतात.

श्रोत्यांपैकीं कोणाच्या घरीं असें मूल असल्यास त्याच्यापुढें एक पातेलें, एक वाटी आणि एक चमचा ठेवावा. वाटी मोठी कीं लहान, असें विचारून उत्तराची घाई करूं नये. मूल ती वाटी प्रथम पातेल्याजवळ नेईल, मग चमच्याजवळ आणील, आणि बराच वेळ कांहींच बोलणार नाहीं.