आमच्या गॅलरीची गोष्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी 'घर आणि गृहिणी' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. पापड-लोणच्यांवर बोलायला आपल्याकडे माझ्यापेक्षा अधिकारी भगिनी आहेत. आणि घराच्या सजावटीवर मी बोलू लागले, तर माझ्या घरी येऊन गेलेल्या मैत्रिणी तोंडाला पदर लावतील. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही नुकतेच घर विकलेत ना? त्यात काय त्रास झाला तेच सांगा." त्रास सांगायचा म्हटल्यावर विषयाची वाण कसली? तेव्हा आज मी आमच्या गॅलरीची गोष्ट सांगणार आहे. या गोष्टीत चूक आमचीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमचे दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचे घर होते. १९८४ साली घेतले. सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुलगे, अशी सहा माणसे. थोरल्याची दहावी आली तेव्हा त्याला अभ्यासाला कोपरा हवा झाला. १९९३ साली आम्ही ठरवले, की ओटा आणि मोरी गॅलरीत न्यायची आणि स्वयंपाकघराची अभ्यासाची खोली करायची. गवंडी आला, त्याने गॅलरीची फरशी फोडून पाण्याला वाट काढली, ओटा बांधला आणि चार दिवसांत पैसे घेऊन गेला. सकाळी दोन तासच पाणी येई, म्हणून ओट्याशेजारी दोनशे लिटरचे पिंपही उभे राहिले. सोसायटीला विचारायला हवे, हे मनात आले नाही असे नाही. पण शेजारीपाजारी गॅलऱ्यांना काचा लागतच होत्या. "सगळेच करतात," असे हे म्हणाले आणि मलाही ते पटले. सोयीचे बोलणे चटकन पटते.

दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्यांच्या गॅलरीच्या छताला ओल आली होती. मी म्हटले, "पावसाचे असेल." दिवाळीनंतर त्या पुन्हा आल्या, तेव्हा पाऊस नव्हता; म्हणून मी म्हटले, "बघते हं." पुढे सोसायटीची नोटीस आली, की परवानगीवाचून केलेला फेरफार काढून जागा पूर्ववत करावी. यांनी ती वाचली आणि कपाटाच्या खणात बँकेच्या पासबुकाखाली ठेवली. मग एक स्मरणपत्र आले, तेही तिथेच गेले. पुढे कमिट्या बदलल्या, चिटणीस बदलले, आणि आम्हाला वाटले प्रकरण मिटले. मिटले काहीच नव्हते. संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी जिन्यातल्या सगळ्या दारांत जात असे, एवढे एक दार सोडून.

२०२२ साली आम्ही घर विकायला काढले. इमारतीला लिफ्ट नाही आणि यांचे गुडघे जिना चढू देईनात. एक तरुण शिक्षक जोडपे पसंत करून गेले, विसार दिला. त्यांच्या बँकेचा माणूस घर पाहायला आला तो हातात मंजूर नकाशा घेऊन. त्याने एकदा नकाशा पाहिला, एकदा गॅलरी पाहिली आणि विचारले, "काकू, नकाशात ओटा आत आहे. तो बाहेर कधी आला?" तेवढ्यावर कर्ज थांबले. घर विकायचे असल्याची पंधरा दिवस आधीची लेखी सूचना आम्ही सोसायटीला दिली होतीच. तिचेही उत्तर आले, की आपल्या सदनिकेतील अनधिकृत फेरफाराची नोंद दप्तरी आहे, तिचा निकाल लावावा. सव्वीस-सत्तावीस वर्षे पासबुकाखाली झोपलेली नोटीस उठून दारात उभी राहिली.

मग सल्ले सुरू झाले. एजंट म्हणाला, "काकू, कमिटीला थोडे खूश करून टाका." धाकटे दीर नियम वाचणारे आहेत. ते म्हणाले, "आदर्श उपविधींप्रमाणे घर विकायला सोसायटीचा ना-हरकत दाखला लागतच नाही." ते खोटे नव्हते. पण बँक तो मागते, आणि बँकेवाचून शिक्षकाने घर घ्यायचे कसे? यांचे म्हणणे, "काचा लावणाऱ्यांना कुणी विचारत नाही, मग आम्हालाच का?" मी म्हटले, आधी कागद तरी पाहू या.

मैत्रिणींनो, अडतीस वर्षांत मी सोसायटीच्या कचेरीत गेले ती फक्त देखभालीचा चेक द्यायला. कागद हे यांचे खाते, डबे हे माझे. शेअर सर्टिफिकेटावर नावही एकट्या यांचेच होते. यांचा अर्ज दिला आणि आमच्या सदनिकेची फाइल पाहायला मागितली. सोसायटीची दोन पत्रे आमच्याकडे होतीच. पण त्यांच्या खाली वहिनींचे पाच अर्ज होते, सगळे त्यांच्या सुबक अक्षरात. पहिल्यात 'विनंती' होती, तिसऱ्यात 'कळकळीची विनंती'. शेवटच्यात लिहिले होते, की यजमान आजारी आहेत आणि ठिबकणाऱ्या पाण्याखालून त्यांची कॉट हलवायला घरात दुसरी जागा नाही. आमच्याप्रमाणेच त्यांनीही जागेच्या अडचणीपायी गॅलरीत माणसाची सोय केली होती. त्यांचे यजमान गेले तेव्हा मी भेटायला गेले होते. तेव्हा मी मान वर करून छत पाहिले नव्हते.

त्या दिवशी माझ्या दृष्टीने विक्रीचा प्रश्न दुसरा झाला. आधी मी विचार करत होते, की दाखला कसा मिळेल. आता वाटले, हे नीट केल्याखेरीज इथून जायचे कोणत्या तोंडाने?

आम्ही इमारतींची तपासणी करणारे एक जाणते इंजिनियर बोलावले. त्यांनी मला समजावले ते तुम्हालाही सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गॅलरी आहे. जुन्या इमारतीतली गॅलरी बहुधा बाहेर काढलेल्या हातासारखी असते. एका बाजूने इमारतीत रोवलेली, दुसरीकडे अधांतरी. खोलीच्या स्लॅबमध्ये मधोमध मुख्य सळ्या खालच्या अंगाला असतात. पण अशा गॅलरीत त्या वरच्या अंगाला, फरशीखाली असतात, कारण ताण तिथे पडतो. आमच्या गवंड्याने पाण्याची वाट काढायला फोडली ती नेमकी तीच जागा. तिथून झिरपणारे पाणी सळ्यांना गंजवीत होते. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट फोडते. त्यावर दोनशे लिटरचे पिंप, म्हणजे दोनशे किलोंचे ओझे, रात्रंदिवस. काचा लावून गॅलरी बंद करणे निराळे; १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत शुल्क भरून रीतसर परवानगीने तशी सोय होती. पण तिथे मोरी करणे ही गोष्टच वेगळी. यांना 'आम्हालाच का?' याचे उत्तर मिळाले.

तुम्हाला २५ जुलै २०१७ चा दिवस आठवत असेल. आपल्या शेजारच्या घाटकोपरात, दामोदर पार्कमध्ये, चार मजली इमारत सकाळी कोसळली आणि सतरा माणसे गेली. तळमजल्यावर फेरफार चालू होते आणि त्यात खांबांना हात लावला गेला, असा रहिवाशांचा आरोप होता. ती बातमी मी याच घरात, त्याच गॅलरीतल्या ओट्यापाशी उभी राहून ऐकली होती आणि हळहळले होते. आपल्या पायाखाली काय आहे, हे तेव्हाही मनात आले नाही.

पुढचे काम सरळ होते. सोसायटीला लेखी कळवले, की आम्ही जागा पूर्ववत करतो, अमुक दिवसांत करतो, इंजिनियरांच्या देखरेखीखाली करतो. कमिटीची लेखी परवानगी घेतली. पूर्ववत करायलाही परवानगी घ्यावी लागते, कारण फोडाफोडी ती फोडाफोडीच. महापालिकेच्या टी विभागाच्या कचेरीत जाऊन आमच्या सदनिकेवर त्यांची काही नोटीस नाही ना, याची खात्री केली. महापालिका कायद्याच्या कलम ३५१ ची किंवा नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस असती, तर तिचा निकाल तिथेच लावून घ्यावा लागला असता. सोसायटीने सोडले म्हणून महापालिका सोडत नाही, आणि महापालिकेने सोडले म्हणून सोसायटी सोडत नाही.

ओटा आत आला, मोरी गेली, गंजल्या सळ्या साफ करून दुरुस्त केल्या, वर जलरोधक थर दिला. शेवटी इंजिनियरांनी गॅलरीचे तोंड बांधून तीत पाणी कोंडले आणि ते दोन दिवस तसेच ठेवायला सांगितले. खाली थेंब येतो का, ते पाहायचे होते. पाहायला वहिनींच्या घरी जाणे आले. काम काढण्याआधी मी एकदा त्यांच्याकडे जाऊन आले होते आणि "वहिनी, चूक आमची होती," एवढेच म्हणू शकले होते. आता दोन दिवस आम्ही दोघी त्यांच्या गॅलरीत खुर्च्या टाकून, चहा घेत, मान वर करून छताकडे पाहत बसलो. छत कोरडे राहिले. दुसऱ्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "ताई, हेच तेव्हा केले असते तर." मला उत्तर सुचले नाही. आजही नाही.

त्यांच्या छताचा गिलावा आणि रंग आम्ही करून दिला. विक्री तीन महिने लांबली. घर घेणाऱ्यांना आम्ही सगळी हकीकत, नोटिशीसकट, सांगितली. ते मागे फिरले नाहीत. कमिटीने पाहणी केली, इतिवृत्तात ठराव लिहिला आणि नोंद निकालात निघाल्याचे पत्र दिले. ते पत्र, इंजिनियरांचा दाखला आणि आधीचे-नंतरचे फोटो आम्ही किल्ल्यांबरोबरच नव्या मालकिणीच्या हातात ठेवले.

आता माझ्या अनुभवाचे चार दाणे पदरात टाकते.

पहिले, घर विकायच्या वर्षभर आधी आपल्या सदनिकेची सोसायटीतली फाइल आणि इमारतीचा मंजूर नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. गिऱ्हाईक दारात आल्यावर हातात वेळ नसतो, आणि वेळ नसलेल्या माणसाला सगळेच नाडतात.

दुसरे, जे ठरेल ते लेखी घ्या. चिटणीस जिन्यात म्हणाले 'मिटले समजा', तर समजू नका. कमिटीचा ठराव आणि पत्र हातात पडले म्हणजे मिटले.

तिसरे, देणे असेल ते द्या, नसेल ते देऊ नका. राज्य सरकारने २००१ साली ठरवून दिले, की महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतराचे अधिमूल्य पंचवीस हजारांहून अधिक घेता येत नाही, आणि देणगीच्या नावाखाली वर काही मागताही येत नाही. कमिटी अकारण अडवू लागली तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते. पण तिथे जाताना आपले हात स्वच्छ असावेत.

चौथे दोन्ही बाजूंच्या भगिनींसाठी आहे. घराच्या कागदांवर आपलेही नाव असू द्या, आणि ते कागद वाचा. नोटीस आली तेव्हा ती मी वाचली असती आणि एकदा खाली जाऊन छत पाहिले असते, तर ते दुखणे एवढे वाढले नसते. सोसायटीच्या कमिटीत बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. अनेक ठिकाणी त्या रिकाम्या राहतात, किंवा सहीपुरत्या भरतात. त्या आपण खऱ्या अर्थाने भरायला हव्यात. छत गळते ते बहुतेक वेळा बाईच्या भांड्यांवर, आणि त्याचा अर्ज वाचायला समोर एखादी बाई असलेली बरी.

मुंबईत सहकारी घरांची सुरुवात गावदेवीला १९१५ साली सारस्वत सोसायटीने झाली. श्रीपाद सुब्राव तलमकी यांनी त्या कामाला वाहून घेतले होते. एकट्याला न परवडणारे घर दहाजणांनी मिळून उभारायचे, ही त्यामागची कल्पना. पुढे ती उपनगरांत पसरली म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यांना छप्पर मिळाले. पण माझी फरशी हे कुणाचे तरी छत आहे, हे विसरले की सोसायटी नावापुरती उरते.

आता आम्ही ठाण्याला मुलाजवळ राहतो. मंडळाला मात्र एक स्टेशन ओलांडून येतेच. यंदा संक्रांतीला जुन्या इमारतीत गेले होते. या खेपेस पहिले दार वहिनींचे केले. त्यांनी तिळगूळ हातावर ठेवून घेतला, आत बसवले आणि म्हणाल्या, "आधी छत पाहून घ्या."

मी मान वर करून पाहिले. कोरडे होते.