तुरटीचा खडा
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



"तू नेमकं करतेस काय गं?" असं सकाळपासून पाच-सहा जणांनी विचारलं. एका वाक्यात सांगते: मी स्फटिक वाढवते आणि त्यांतून प्रकाश नेते.

नववीतलं विज्ञान प्रदर्शन आठवतं? सरांनी तुरटीचं संपृक्त द्रावण करायला सांगितलं होतं. त्यात दोऱ्याला बांधलेला बारीक खडा सोडायचा आणि पंधरा दिवस चंचुपात्राला हात लावायचा नाही. मी रोज दोरा वर काढून बघायचे. शेवटी तळाशी नुसता चुरा जमला. मग आदल्या संध्याकाळी वाण्याकडून तुरटी आणली आणि दोऱ्याला बांधली. सरांनी ती फिरवून पाहिली. "याला पैलू कुठे आहेत?" एवढंच विचारून ते पुढे गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आज माझे स्फटिक केसाहून बारीक असतात आणि सेंद्रिय असतात. सेंद्रिय म्हणजे सेंद्रिय गूळ नव्हे हं, कार्बनच्या रेणूंचे! पेरिलीन नावाचा एक रेणू घ्या. तो एका मांडणीत हिरवट उजळतो, दुसरीत नारिंगी. मुलं तीच, बाक बदलले की वर्गाचा रंग बदलतो, तसंच. कोणतं द्रावक घ्यायचं, ते किती सावकाश उडू द्यायचं, यावर ही मांडणी ठरते.

अशा स्फटिकावर एका जागी निळा लेझर सोडला की तिथले रेणू उजळतात. तो प्रकाश दहावीत शिकलेल्या पूर्ण आंतरिक परावर्तनाने आतल्या आत धावतो आणि दोन्ही टोकं चमकतात. वाटेत थोडा प्रकाश स्फटिकच शोषून घेतो आणि एखादी चीर असली तर तिथून तो बाहेर सांडतो. म्हणून घाईने वाढवलेला स्फटिक आमच्या कामाचा नाही.

हे रेणू एकमेकांना हलकेच धरून असतात, त्यामुळे यांतले काही स्फटिक न तुटता वाकतात. हैदराबाद विद्यापीठात प्रा. राजादुराई चंद्रशेखर यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाच्या सुईसारख्या टोकाने असे स्फटिक वाकवून, सरकवून, एकमेकांना जोडून प्रकाशाची छोटी सर्किटं मांडली आहेत. लांब पल्ल्याला काचेचे तंतू आहेतच. आमची धडपड नखाएवढ्या जागेत प्रकाशाला वळवण्याची आहे. तुमच्या मोबाईलमध्ये हे अजून आलेलं नाही.

माझे विद्यार्थी रोज विचारतात, "मॅडम, बाटली उघडू?" मी म्हणते, "हात लावू नकोस." आवाज माझा, शब्द सरांचे.

सर, आपण पहिल्या रांगेत बसला आहात. या डबीत तुरटीचा एक स्फटिक आहे, घरी वाढवलेला. पैलू मोजून घ्या, आठ आहेत. या वेळी रोज पाहिला, पण हात लावला नाही.